बडोद्याचा लक्ष्मी विलास राजवाडा एका दिवसात : लेकरं आणि आजीला घेऊन जाणाऱ्यांसाठी

पहिल्या खेपेला आम्ही बडोद्याचा राजवाडा पाहिला तो फाटकाच्या गजांमधून. सोमवार होता, आणि सोमवारी राजवाडा बंद असतो हे घरातल्या पाच जणांपैकी एकानेही बघितलं नव्हतं. लेक नऊ वर्षांची, धाकटा साडेपाचचा, सासूबाई बहात्तरच्या. पहाटे चारला उठून, डबे भरून, मुंबईहून जवळजवळ चारशे किलोमीटर जाऊन आम्ही एका बागेत बसून डबे संपवले आणि घरी आलो. नवऱ्याने अख्ख्या परतीच्या प्रवासात एक शब्द काढला नाही, कारण तारीख त्यानेच ठरवली होती.

त्यानंतर दोनदा जाऊन आले. एकदा याच मंडळींना घेऊन, एकदा नणंदेच्या कुटुंबाबरोबर. आता कुणी विचारलं की तोंडी सांगते तेच इथे लिहून ठेवते आहे. बेत असा : मुंबईहून सकाळच्या वेगवान गाडीने जायचं, दिवसभर बडोद्यात आणि रात्रीच्या गाडीने झोपून परत. पुण्याहून येणाऱ्यांनी रात्रीच्या गाडीने निघून सकाळी पोचावं. त्यांना पायरी ६ पासून पुढचं सगळं लागू आहे.

१. आधी वार ठरवा, तारीख नंतर

सोमवार गेला. सार्वजनिक सुट्ट्याही टाळा, त्या दिवशी दार बंद मिळण्याची शक्यता फार. रविवार चालतो, पण मुंबई-अहमदाबाद मार्गावरच्या वेगवान गाड्यांना आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते आणि शताब्दीची सुट्टी नेमकी रविवारी येते. आमच्या अनुभवात शनिवार सगळ्यात बरा. शाळा बुडवायची तयारी असेल तर मंगळवार ते गुरुवार त्याहून बरा, कारण दरबार हॉलमध्ये तुम्ही आणि तुमचा पाय घसरू नये म्हणून बघणारा पहारेकरी, एवढेच असता.

महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आजीला घेऊन तेव्हा जाऊ नका. नवरात्रात बडोदं रात्रभर गरब्याला जागं असतं, गाड्या आणि खोल्या मिळत नाहीत. १४-१५ जानेवारीला उत्तरायण. पतंग बघायला मजा, पण उघड्या रिक्षात मांजाची भीती असते, मुलांना कडेला बसवू नका. पावसाळ्यात जाणार असाल तर आदल्या दिवशीच्या बातम्या बघा. विश्वामित्री नदी शहराच्या पोटातून वाहते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तिचं पाणी वस्त्यांत शिरलं होतं, आणि या नदीत मगरी आहेत. (हे मुलांना सांगितलंत की राजवाड्यापेक्षा त्यांना नदीच बघायची असते. पुलावरून बघा, काठावर नको.)

२. नकाशावर बरोबर राजवाडा शोधा

हसू नका. ‘लक्ष्मी विलास’ नावाचे राजवाडे अनेक आहेत. कोल्हापुरातल्या कसबा बावड्याचा लक्ष्मी विलास म्हणजे शाहू महाराजांचं जन्मस्थान. भरतपूर आणि उदयपूरलाही याच नावाच्या वास्तू आहेत, तिथे हॉटेलं चालतात. माझ्या नणंदेने घाईत भरतपूरच्या हॉटेलचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून ‘इथे जायचंय’ म्हणून कळवलं होतं.

बडोद्यातही गोंधळ होतोच. तिथे मकरपुरा राजवाडा आहे, प्रताप विलास आहे, पण पहिला हवाई दलाकडे आणि दुसऱ्यात रेल्वेची अकादमी. तुम्हाला आत सोडणार नाहीत. रिक्षावाल्याला ‘राजमहाल’ एवढंच न सांगता ‘लक्ष्मी विलास पॅलेस’ असं पूर्ण सांगा.

३. गाडीची तिकिटं

आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. स्टेशनचं नाव वडोदरा जंक्शन. ‘बडोदा’ टाइप करून बसलात तर गोंधळ उडेल.

आता सापळे. ज्येष्ठ नागरिकांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तिच्या भरवशावर हिशोब करू नका. पाच वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला चेअर कारमध्ये पूर्ण तिकीट लागतं. अर्धं तिकीट काढून मांडीवर बसवायची सोय बर्थच्या डब्यांत आहे, चेअर कारमध्ये नाही. आणि परतीच्या तिकिटात आजीला खालचा बर्थ हवा असेल तर पाच जणांचं एकत्र तिकीट काढू नका. लोअर बर्थचा कोटा एकट्या किंवा दोघांच्या तिकिटालाच लागू होतो. आम्ही सासूबाई आणि मी असं एक तिकीट काढलं, बापलेकांचं वेगळं. डबा वेगळा आला तर आला, एका रात्रीचा प्रश्न.

परतीच्या तिकिटाची तारीख हा सगळ्यात मोठा खड्डा आहे. त्याबद्दल शेवटच्या पायरीत लिहिलंय, पण तिकीट काढायच्या *आधी* ते वाचा.

४. बरोबर काय घ्याल

- प्रत्येक मोठ्या माणसाचं मूळ ओळखपत्र. मुलांच्या आधार कार्डाची प्रत
- रोख पैसे, त्यात सुट्टे भरपूर
- सॅक एकच, आणि तिला लावायला कुलूप (का ते पायरी ६ मध्ये)
- पाण्याच्या बाटल्या, टोप्या, आजीची औषधं हाताशी येतील अशी
- दोन इयरफोन नव्हेत, एक चित्रकलेची वही आणि पेन्सिल (याचंही पुढे येईल)

चपला-बूट जुने, पायात मुरलेले घाला. नवे बूट घालून राजवाडा बघायला निघालेला माणूस दुपारी दोन वाजता कुणाशीच नीट बोलत नाही.

एक न घ्यायची गोष्ट : गुजरातमध्ये दारूबंदी आहे. घरातल्या एखाद्या मामांच्या बॅगेत ‘सर्दीचं औषध’ असलं तर ते घरीच राहू द्या.

५. निघायच्या दोन दिवस आधी गोष्ट सांगा

ही पायरी गाळू नका, बाकीची एखादी गाळलीत तरी चालेल. लहान मुलाला राजवाडा म्हणजे मोठ्या खोल्या आणि ‘हात लावू नको’. आत राहणारा माणूस आधी ओळखीचा झाला की त्याच खोल्या वेगळ्या दिसतात.

आणि गोष्ट आपल्याच मुलखातली आहे. नाशिक जिल्ह्यात, मालेगावजवळ कवळाणे नावाचं गाव. तिथे शेतकरी गायकवाडांच्या घरात १८६३ मध्ये गोपाळ जन्मला. बारा वर्षांचा होईपर्यंत गुरं, शेत, एवढंच. तिकडे बडोद्यात मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून काढलं आणि आधीच्या खंडेराव महाराजांच्या विधवा राणी जमनाबाई दत्तक घ्यायला मुलगा शोधत होत्या. घराण्याच्या दूरच्या शाखेतून मुलं आणली गेली. ‘इथे कशाला आलास?’ असं विचारल्यावर बाकीची गप्प राहिली आणि गोपाळ म्हणाला, ‘राजा व्हायला’, अशी गोष्ट सांगतात. २७ मे १८७५ ला तो दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. लिहायला-वाचायला त्यानंतर शिकला. पुढे त्याच माणसाने १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं.

‘म्हणजे शाळेत जायला लागतं ते याच्यामुळे?’ असं आमच्या धाकट्याने रागाने विचारलं. पण नाव लक्षात राहिलं.

६. स्टेशनवर उतरल्यावर

जड बॅग असेल तर स्टेशनच्या क्लोक रूममध्ये ठेवा. बॅगेला कुलूप नसेल तर घेत नाहीत. तिकीट आणि ओळखपत्र दाखवावं लागतं. आम्ही पहिल्या वेळी प्लॅटफॉर्मवर कुलूप शोधत अर्धा तास घालवला होता.

पोहे-चहा इथेच उरकून घ्या आणि सगळ्यांना स्वच्छतागृहात पाठवा, नको म्हणणाऱ्यांनाही. रिक्षा अ‍ॅपवरून घेतलीत तर भाड्याची घासाघीस वाचते. पाच माणसांना दोन रिक्षा लागतील. दोन्ही रिक्षांत एकेक चालू फोन आणि एकेक मोठं माणूस हवं. राजवाड्याच्याच आवारात फतेहसिंह संग्रहालयही आहे. एक रिक्षा तिकडे आणि दुसरी राजवाड्याकडे, असं नणंदेच्या वेळी झालं आणि वीस मिनिटं आम्ही फोनवर ‘आम्ही गेटपाशीच आहोत’ असं एकमेकांना सांगत होतो.

सयाजीबाग आणि तिथले प्राणी आधी दाखवू नका. सकाळची ताकद राजवाड्यासाठी ठेवा.

७. राजवाडा

तिकिटाबरोबर ऑडिओ गाइड मिळतो. मराठी आहे का, ते खिडकीवरच विचारून घ्या. मागितल्याशिवाय हातात हिंदी किंवा इंग्रजी येतं. सासूबाईंच्या कानाला तो लावून, पहिला क्रमांक दाबून, आवाज मोठा करून दिल्यावरच तिथून हला.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा म्हणजे आत भांडण होत नाही. एक, आत फोटो काढता येत नाहीत. बाहेरून, हिरवळीवरून काढा. दोन, सगळा राजवाडा दिसत नाही. गायकवाड कुटुंब आजही इथे राहतं, आपल्याला काही दालनंच उघडी असतात. ‘राजाची झोपायची खोली कुठे?’ याचं उत्तर ‘ते त्यांचं घर आहे’ एवढंच.

आत शिरण्याआधी पाच मिनिटं बाहेर उभे राहा. ही इमारत पुरी व्हायला १८९० उजाडलं. आराखडा मेजर चार्ल्स मँट या इंग्रज लष्करी अभियंत्याचा, ज्याने कोल्हापूरचा नवा राजवाडाही आखला. कोल्हापूर पाहिलं असेल तर घुमट आणि मनोऱ्यांची ओळख लगेच पटेल. १८८१ मध्ये, काम अर्धवट असतानाच, मँट वारला. आपलं गणित चुकलंय, बांधलेलं सगळं कोसळणार, या धास्तीने त्याच्या मनाचा तोल गेला, असं सांगतात. पुढचं काम रॉबर्ट चिझम याने तडीस नेलं. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली, इमारत जागची हललेली नाही. ‘बकिंगहॅमच्या चौपट’ वगैरे तुम्हाला पावलोपावली ऐकू येईल. मी त्यावर वाद घालत नाही, पण मुलांना पाठही करायला लावत नाही.

नाव लक्ष्मीबाईंचं. त्या तंजावरच्या मराठा राजघराण्यातल्या. १८८० मध्ये सयाजीरावांशी लग्न होऊन चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरचे नृत्य-कलावंत बडोद्यात आले, आणि राजवाडा पुरा व्हायच्या आत, १८८५ मध्ये, त्या गेल्या.

आत शस्त्रं आहेत, गादीचं दालन आहे. मुलं शस्त्रांपाशी रेंगाळतात, रेंगाळू द्या. चौकांमध्ये आणि जिन्यांपाशी फेलिची या इटालियन शिल्पकाराचे पुतळे आहेत, ब्राँझचे, संगमरवराचे. इथे ती वही काढा. प्रत्येकाने एक वस्तू निवडून तिचं चित्र काढायचं, फोटोची हौस त्यात भागते. आमच्या लेकीने एका पुतळ्याच्या फक्त पायाची बोटं काढली आणि त्या पानाला कुणाला हात लावू देत नाही.

खरा मुक्काम दरबार हॉलमध्ये करा. भला मोठा दिवाणखाना आणि मधे एकही खांब नाही, हे आपण सांगेपर्यंत मुलांच्या लक्षात येत नाही. ‘खांब मोज’ म्हणा, मग बघा. खिडक्यांना रंगीत काचा आणि त्यांत देवादिकांच्या आकृती. सकाळी अकरा-साडेअकराला ऊन ज्या बाजूने येतं तिकडच्या काचेचा लाल-निळा डाग जमिनीवर पडतो. जमीन व्हेनिसच्या पद्धतीच्या मोझेकची. खाली वाकून बघा, उभ्याने कळत नाही : नखाएवढे तुकडे, एकशेजारी एक, आणि दोन तुकड्यांमधली फट डोळ्यांना सापडत नाही. सासूबाई खुर्ची मिळेना म्हणून जिन्याच्या पायरीवर टेकल्या होत्या, त्या म्हणाल्या, ‘ही फरशी पुसणाऱ्या बाईचे हाल बघा.’ चाळीस वर्षं घर सांभाळलेल्या माणसाला जे दिसतं ते ऑडिओ गाइडमध्ये नसतं.

वर लाकडी झरोके आहेत. राजघराण्यातल्या बायका तिथून गाणं ऐकायच्या. उस्ताद फैयाझ खाँ बडोद्याचे दरबारी गायक. गाण्याची आवड असलेलं कुणी बरोबर असेल तर त्याला इथे दहा मिनिटं एकट्याला सोडा.

दीड-दोन तास पुरतात. मुलं कंटाळली की निघा, ‘एवढे पैसे भरलेत’ म्हणून ओढत नेऊ नका.

८. फतेहसिंह संग्रहालय

तिकीट वेगळं. पुष्कळ जण इथे न येताच जेवायला जातात, आणि ती चूक आहे. ही इमारत मुळात राजघराण्यातल्या मुलांची शाळा. आत राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं. १८८८ मध्ये सयाजीरावांनी त्याच्याकडून पुराणकथांवरची चौदा चित्रं करवून घेतली. ती आधी दरबार हॉलमध्ये होती.

सासूबाई नल-दमयंती आणि विश्वामित्र-मेनकेपुढे उभ्याच राहिल्या. ‘आमच्या माहेरी ओसरीवर अशीच चित्रं होती, चौकटीत, धुराने काळी झालेली.’ असणारच. रविवर्म्याने १८९४ मध्ये गिरगावात छापखाना काढला आणि राजवाड्यांतले देव छापील होऊन घरोघरी गेले. ओसरीवरचं चित्र कागदाचं होतं. हे कॅनव्हासचं, जवळजवळ माणसाएवढं, आणि साडीच्या काठावरचा जरीचा पिवळा जवळून बघितला तर नुसते ब्रशचे फटकारे. मागे या, पुन्हा जर. मुलांना हा मागे-पुढे होण्याचा खेळ फार आवडतो. पहारेकऱ्याला तितका नाही.

९. जेवण

थाळी कुठेही चांगली मिळते, त्यात शोधाशोध करू नका. पण शेव-उसळ खाल्ल्याशिवाय परतू नका. आपल्या मिसळीची बडोद्याला दिलेली मुलगी म्हणा : रस्सा पातळ, शेव वेगळी, तिखटाची तरी बाजूला. मुलांना तरीशिवाय मागा. घरी न्यायला लीलो चिवडो घ्या, बटाट्याचा हिरवा, ओलसर. तो फार दिवस टिकत नाही, म्हणून शेजाऱ्यांसाठी पाच पाकिटं घेऊ नका.

दुकानात बिचकू नका, मराठी बोलून बघा. निम्म्या वेळा उत्तर मराठीतच येतं.

१०. दुपारनंतर सयाजीबाग

जुने लोक कमाटीबाग म्हणतात. १८७९ ची बाग, स्टेशनपासून जवळ, म्हणून ती शेवटी. आत बडोदा संग्रहालय आहे, ते पाचच्या आत गाठा. तिथे दोनच गोष्टी बघितल्यात तरी पुरे : निळ्या देवमाशाचा सांगाडा आणि इजिप्तची ममी. धाकट्याच्या लेखी बडोदं म्हणजे हा देवमासा, राजवाडा नंतर.

मग चालत संकल्पभूमीपाशी, म्हणजे बाबासाहेबांच्या स्मृतीच्या जागेपाशी, जा. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेला शिकायला गेले. करारानुसार १९१७ मध्ये संस्थानाच्या नोकरीसाठी परत आले, तर शहरात त्यांना राहायला कुणी खोली देईना. एका पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावं लागलं. कळल्यावर लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. २३ सप्टेंबर १९१७ ला ते या बागेत एका झाडाखाली बसून होते.

लेकीने विचारलं, ‘राजाने त्यांना राजवाड्यात का नाही ठेवलं? एवढ्या खोल्या होत्या.’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. सासूबाईही काही बोलल्या नाहीत. तुमच्याबरोबर विचारणाऱ्या वयाचं मूल असेल तर इथे घाई करू नका.

हावरटपणाबद्दल एक शब्द : ‘आलोच आहोत तर’ म्हणून स्टॅच्यू ऑफ युनिटी किंवा पावागड याच दिवसात कोंबू नका. पहिलं नव्वदएक किलोमीटर, दुसरं पन्नासेक. दोन्हींना स्वतंत्र दिवस लागतो.

११. परतीची गाडी आणि तारखेचा खड्डा

मुंबईकडे जाणाऱ्या रात्रीच्या मेल-एक्स्प्रेस बडोद्यात उशिरा येतात, काही मध्यरात्रीच्या अलीकडे, काही पलीकडे. शनिवारी रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी तुम्हाला गाडीत बसायचं असेल तर तिकिटावर तारीख *रविवारची* हवी. शनिवारची तारीख टाकलीत तर तुमची गाडी तुम्ही मुंबईहून निघायच्या आधीच, शुक्रवारच्या रात्री, निघून गेलेली असते. नणंदेच्या नवऱ्याने हेच केलं होतं. तिकीट काढल्यावर चार दिवसांनी लक्षात आलं म्हणून रद्द करून नवं मिळालं, तेही वेटिंग लिस्टवरचं. तेव्हा अहमदाबादहून गाडी कधी सुटते ते बघू नका, वडोदऱ्याची वेळ आणि तिच्यासमोर छापलेली तारीख, दोन्ही मोठ्याने वाचा.

सातच्या सुमारास हलकं जेवून स्टेशनवर या, क्लोक रूममधून बॅग सोडवा, वेटिंग रूममध्ये मुलांना झोपू द्या. गाडीची घोषणा होते तेव्हा झोपलेलं मूल कुणी उचलायचं आणि बॅग कुणी, ते आधी ठरवा. बोरिवलीला उतरणाऱ्यांनी दोन फोनवर गजर लावा, गाडी तिथे पहाटेच पोचते आणि थांबते अगदी थोडी.